उशा किती लागल्या? ह्यूस्टनमधल्या एका डायलिसिस पेशंटची केस

आधीच सांगते, यातल्या माणसाचं नाव, मूळ गाव, मोटेल, हॉस्पिटल काहीच देणार नाहीये आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत. मी त्याला दादा म्हणायचे आणि तो मला ताई, वयाने मी लहान असूनही, म्हणून इथेही दादाच.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. ओळखीतून कुणाला मराठीत समजावून सांगायला माणूस हवा असेल तर जाते, एवढंच. हॉस्पिटलने दुभाष्या द्यायचा असा नियम आहे इथे, तो फोनवर मिळतोही, पण मराठी मागितलं की दहा मिनिटं होल्ड आणि मग पलीकडून "हिंदी चलेगा क्या?" दादाला हिंदी यायची, पण "छातीत कळ येते की नुसतं जड वाटतं" हा फरक त्याला हिंदीत सांगता येत नव्हता, आणि तिथे नेमका तोच विचारत होते.

माणूस चाळिशीतला. व्हिजिटर व्हिसावर आलेला, मुदत संपून दहाएक वर्षं झालेली, म्हणजे आपल्या लोकांत हळू आवाजात म्हणतात तसं "स्टेटस गेलेला". टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या कडेला फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एका मोटेलमध्ये रात्रीचं डेस्क सांभाळायचा, राहायला तिथलीच खोली, पगार कॅश. बायको आणि मुलगी भारतात. बीपी आहे हे त्याला माहीत होतं, गोळ्या भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायच्या, आल्या की खायच्या, संपल्या की पुढचा माणूस येईपर्यंत नाही. कंबर दुखायची त्यावर दुकानातली इबुप्रोफेन, रोज, कित्येक वर्षं. बीपी वाढलेलं, वर ही पेनकिलर, किडनी जायला आणखी काय हवं असतं.

कमी फीवाली हेल्थ सेंटर्स इथे आहेत, उत्पन्न बघून फी लावतात, दारिद्र्यरेषेच्या आत असलात तर नाममात्र, आणि पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही त्यांना. दादा एकदा गेला होता अशा ठिकाणी. काउंटरवर पगाराचा पुरावा मागितला. मोटेलवाला लिहून देणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून "गाडीतून आणतो" म्हणाला आणि निघून आला. असा पुरावा नसेल तर बऱ्याच सेंटरमध्ये स्वतः सही करून लिहून दिलेलं चालतं, पण हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पुढची सगळी कथा या दोन मिनिटांत ठरली असं मला वाटतं, पण असो.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं. मोटेलच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, मग दोन-तीन आठवडे ओले कार्पेट उपटणं, गाद्या बाहेर काढणं, भिंतींचे खालचे बोर्ड तोडणं, हे सगळं कुणी केलं तर दादासारख्यांनीच. त्याच दिवसांत पाय सुजायला लागले. त्याला वाटलं पाण्यात उभं राहून झालं असेल, सगळ्यांनाच तसं वाटलं. नोव्हेंबरात एका रात्री आडवं झोपताच येईना, बसूनही धाप, तेव्हा मोटेलमधल्याच एका गेस्टने गाडीत घालून ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात नेलं. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी) १५, पोटॅशियम ६.८. पोटॅशियम नॉर्मल साधारण ३.५ ते ५ असतं, ६.८ ला हार्टचा ठोका कधीही बिघडू शकतो. गळ्यातून तात्पुरता कॅथेटर, म्हणजे नळी, घालून रातोरात डायलिसिस केलं. चार दिवसांनी डिस्चार्ज, हातात कागदांचा गठ्ठा, त्यात एक ओळ: लक्षणं वाढली तर ईआरमध्ये परत या.

मला बोलावणं आलं ते या चार दिवसांत. डॉक्टर सांगत होती की दोन्ही किडन्या गेल्यात, आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागेल, आणि लगेच पुढच्या वाक्यात, पण ते आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही. मी दोनदा विचारलं की मला नीट ऐकू आलं ना. नीटच ऐकू आलं होतं.

इमर्जन्सी म्हणजे नक्की काय

१९८६ चा एमटाला म्हणून एक कायदा आहे. ईआरमध्ये आलेल्या कुणालाही तपासायचं आणि जिवाला धोका असेल तर स्थिर करायचं, पैसे आहेत का, कागद आहेत का हे न बघता. यात "स्थिर" हा शब्द महत्त्वाचा. स्थिर झालात की कायद्याचं काम संपलं. किडनी फेल झालेला माणूस डायलिसिसनंतर स्थिर असतो, दोन-तीन दिवस. मग पुन्हा अस्थिर व्हायला लागतो. आता हे दोन-तीन दिवस कुणाचे?

अमेरिकेत किडनी फेल झालेल्यांसाठी १९७२ च्या कायद्याने मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात, खास तरतूद आहे, वयाची ६५ ची अट नाही, तरुणालाही मिळतं. पण कागद नसलेल्याला नाही. २०१० च्या ओबामाकेअर या विमा कायद्यातही सरकारी मार्केटप्लेसवरून पॉलिसी घ्यायला त्यांना मनाई, पूर्ण पैसे स्वतः भरतो म्हटलं तरी. उरतं इमर्जन्सी मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा फक्त इमर्जन्सीपुरता भाग, आणि त्यात इमर्जन्सी कशाला म्हणायचं हे ज्या त्या राज्यावर. कॅलिफोर्नियात नियमित डायलिसिस मिळतं. टेक्ससमध्ये दर वेळी मरायला टेकून यावं लागतं. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ताई, पुरेसं आजारी पडायला शिकायचं." मला वाटलं वैतागून बोलतोय, पण तो हे मनापासून शिकला.

त्याने एक वही केली. रोज सकाळी वजन, कारण लघवी जवळजवळ बंद, जे प्यायलं ते अंगातच राहतं. पाण्यासाठी एक छोटा कप ठरवलेला, दिवसाला एवढे कप, तहान फारच लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. आणि शेवटच्या रकान्यात उशा. एका उशीवर झोप लागली तर बरा, दोन लागल्या तर फुप्फुसात पाणी भरायला लागलंय, तीन लागल्या की बॅग भरायची, बसून झोपावं लागलं की निघायचं. हे त्याला कुठल्या डॉक्टरने शिकवलं नव्हतं, ईआरच्या वेटिंग रूममध्ये होंडुरासच्या एका बाईने सांगितलं, अर्धं खुणांनी. (नंतर एका डॉक्टरला वही दाखवली तर ते म्हणाले, हे लक्षण आम्ही कॉलेजात शिकतो.)

ती वेटिंग रूम एक वेगळीच शाळा होती. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते. पहाटे चारला पोचा म्हणजे रक्ताचा रिपोर्ट सकाळच्या शिफ्टच्या हातात पडतो. चार्जर आणा, ब्लँकेट आणा. तिथले पाच-सहा जण एकमेकांना गाडीतून न्यायचे-आणायचे, भाषा कुणाची कुणाला धड येत नाही पण कुणाचं पोटॅशियम किती हे सगळ्यांना पाठ. त्यातला एक जण एका आठवड्यात आलाच नाही. पुढच्याही आला नाही. कुणी त्याच्याबद्दल बोललं नाही, त्याची नेहमीची खुर्ची मात्र दोनदा रिकामी ठेवली.

केळी

आता जो भाग लिहावा की नाही यावर मी बराच विचार केला तो.

जानेवारी २०१८ मध्ये एकदा दादा तीन उशांवर पोचलेला, आधीच्या डायलिसिसला सहा दिवस झाले होते, ईआरला गेला. सहा तासांनी रिपोर्ट आला, पोटॅशियम ५.७, ऑक्सिजन बॉर्डरवर. डायलिसिसची पातळी गाठली नाही, पोटॅशियम उतरवायची पावडर देऊन घरी पाठवलं. घरी म्हणजे मोटेलच्या खोलीत, बसून रात्र काढायला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी जाण्याआधी त्याने चार केळी खाल्ली आणि संत्र्याचा ज्यूस प्यायला. पोटॅशियम ६.९, लगेच मशीनवर घेतलं.

हे त्याचं डोकं नव्हतं, वेटिंग रूममधलंच. इतर शहरांतल्या अशा पेशंटनीही हे केल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. एरवी हाच माणूस बटाटा उकळून पाणी फेकून खायचा, टोमॅटोला हात लावायचा नाही, डाळ मोजून, नारळपाणी तर विषासारखं. आणि उपचार मिळावेत म्हणून तेच विष मोजून घ्यायचं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा मोजमाप चुकलं, ईआरच्या दारातच ठोके बिघडले, दोन दिवस आयसीयू. मी खूप चिडले त्याच्यावर, काय वाटेल ते बोलले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "गेल्या वेळी नियमाने आलो तर परत पाठवलं." मला उत्तर सुचलं नाही. तरीही सांगते, कुणी हे करू नका, केळ्यांनी पोटॅशियम मोजता येत नाही, थेट हार्ट बंद पडतं.

दुसरी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. नियमित डायलिसिसवाल्याच्या हातात छोटं ऑपरेशन करून फिस्टुला करतात, शीर जाड होते, सुई तिथे टोचतात. पण फिस्टुलाचं ऑपरेशन इमर्जन्सी नाही, त्यामुळे ते त्याला मिळालं नाही. मग छातीत कॅथेटर, महिनोन्महिने. त्याला इन्फेक्शन होतं, ते रक्तात जातं, मग थंडी वाजून ताप, ती मात्र इमर्जन्सी, मग दहा दिवस अ‍ॅडमिट आणि महागडी अँटिबायोटिक. दादाला हे दोनदा झालं. हिशोब कुठल्या कंपनीच्या मॅनेजरला दाखवला तर तो नोकरी सोडेल.

हा हिशोब खरंच कुणीतरी मांडलाय. डलासमध्ये २०१५ मध्ये अशा पेशंटना प्रायव्हेट इन्शुरन्स मिळायची संधी आली, काहींना मिळाला, काहींना नाही, आणि १८१ जणांची तुलना २०१९ मध्ये छापून आली. नियमित डायलिसिसवाल्यांत वर्षभरात ३ टक्के गेले, इमर्जन्सीवाल्यांत १७ टक्के. आणि नियमितवाल्यांचा खर्च महिन्याला माणशी ५,७६८ डॉलरने कमी. म्हणजे न देणं जास्त महाग पडतं. त्याआधी २०१८ मध्ये डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पेशंटची तुलना आली होती, त्यात इमर्जन्सीवाल्यांचा पाच वर्षांतला मृत्यूचा धोका १४ पट. डेन्व्हरच्या डॉ. लिलिया सर्व्हांटेस या त्यामागच्या, त्यांनी पेशंटच्या मुलाखती घेतल्या, डॉक्टर-नर्सना रोज हे बघून काय होतं तेही विचारलं, आणि फेब्रुवारी २०१९ पासून कोलोराडोने किडनी फेल होणं हीच इमर्जन्सी धरली. वॉशिंग्टनमध्ये केंद्र सरकारला कायदा बदलावा लागला नाही, राज्याने व्याख्या बदलली, झालं.

काउंटीची रेषा, आणि भीती

ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिथे काउंटीची स्वतःची आरोग्यव्यवस्था आहे, रहिवासी असाल आणि उत्पन्न कमी असेल तर सवलत, कागद विचारत नाहीत, लोक अजून त्याला गोल्ड कार्डच म्हणतात. २००८ मध्ये त्यांनी अशा पेशंटसाठी डायलिसिस सेंटरसुद्धा सुरू केलं. पण दादाचं मोटेल रेषेच्या पलीकडे, फोर्ट बेंडमध्ये, जिथे असं काउंटीचं हॉस्पिटलच नाही. रेषा गाडीने पंधरा मिनिटांवर. कुणीतरी सुचवलं, मित्राचा पत्ता टाक. मी नको म्हटलं, खोटा पत्ता पकडला गेला तर आहे तेही जाईल. शेवटी मार्चमध्ये त्याने खरंच हॅरिसमध्ये एका घरात खोली भाड्याने घेतली, चौघांत एक बाथरूम, मोटेलची फुकट खोली सोडून. कार्ड झालं, बीपीच्या गोळ्या पहिल्यांदाच सलग मिळायला लागल्या. डायलिसिसच्या खुर्चीसाठी मात्र वेटिंग लिस्ट, खुर्च्या मोजक्या, आणि खुर्ची कधी रिकामी होते हे लिहायची गरज नाही.

नवी खोली म्हणजे मोटेलपर्यंत रोज गाडी, आणि टेक्ससमध्ये कागद नसलेल्याला लायसन्स मिळत नाही. एक टेललाइट गेला तर पोलीस थांबवणार. ऑक्टोबर २०१७ मध्ये दक्षिण टेक्ससमध्ये ऑपरेशनला निघालेल्या, कागद नसलेल्या १० वर्षांच्या मुलीची अँब्युलन्स बॉर्डर पेट्रोलच्या चेकपॉइंटवर अडवली, मागोमाग एजंट हॉस्पिटलपर्यंत गेले आणि ऑपरेशननंतर तिला ताब्यात घेतलं. ही बातमी दादाच्या फोनमध्ये सेव्ह होती. हॉस्पिटलमध्ये शक्यतो धरपकड करायची नाही असा २०११ चा सरकारी आदेश तेव्हा लागू होता, मी त्याला तो वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, आदेश हॉस्पिटलचा आहे ताई, रस्त्याचा नाही. म्हणून तो पहाटेच जायचा, रस्ता रिकामा असताना, धाप लागलेली असताना स्वतः गाडी चालवत. दोनदा तर पार्किंगमध्ये पोचून दार उघडायची ताकद नव्हती, फोन करून नर्सला बाहेर बोलावलं.

बिलांचं थोडक्यात. पहिल्या अ‍ॅडमिशनचं बिल आलं त्यातला आकडा बघून त्याने ते पाकीट गादीखाली ठेवलं, बघायचंच नाही म्हणून. धर्मादाय दर्जाच्या हॉस्पिटलना लेखी सवलत योजना ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो. आम्ही २०० च्या आसपासच्या दिवशी भरला. बहुतेक सगळं माफ झालं. गादीखाली आणखी चार पाकिटं निघाली.

"मग परत का नाही आला?" हे भारतातून प्रत्येकजण विचारतो, मीही विचारलं होतं. महाराष्ट्रात फुले योजनेत डायलिसिस मिळतं, जिल्हा हॉस्पिटलात मशीन आहेत, हे त्याला माहीत होतं. पण वर्षाहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की १९९६ च्या कायद्याने १० वर्षं परत येता येत नाही, म्हणजे हा एकेरी प्रवास. डोक्यावर कर्ज, मुलगी शेवटच्या वर्षाला, आणि तिकडे वहिनींना सांगितलेलं की किडनीला सूज आहे, औषध चालू आहे. व्हिडिओ कॉलला तो कॉलरचा शर्ट घालायचा, कॅथेटर झाकायला. वहिनींना सगळं कळलं होतं असं मला नंतर समजलं, त्याही बोलल्या नाहीत. शिवाय वीस-बावीस तासांचा प्रवास, सहाव्या दिवसाच्या माणसाला विमानात कोण बसवणार?

जी गोष्ट आधीच कळायला हवी होती

जानेवारी २०१८ मध्येच एका सोशल वर्करने सहज म्हटलं, मार्केटप्लेसवर मनाई आहे पण इन्शुरन्स कंपनीकडून थेट पॉलिसी घ्यायला नाही, आणि आधीचा आजार आहे म्हणून कंपनी नाकारू शकत नाही. आम्ही दोघं बघतच राहिलो. लगेच फोन केला तर नावनोंदणीची मुदत १५ डिसेंबरला संपलेली. दादा पहिल्यांदा अ‍ॅडमिट झाला ते नोव्हेंबरात, म्हणजे तेव्हा खिडकी उघडी होती आणि त्या गठ्ठ्यातल्या एकाही कागदावर ही ओळ नव्हती. केळ्यांचा प्रकार, दोन इन्फेक्शन, आयसीयू, सगळं या चुकलेल्या चार आठवड्यांच्या पोटातलं. दोष कुणाचा हे मी ठरवू शकले नाही, त्या मजल्यावरचे सगळे भले लोक होते आणि सगळे घाईत होते.

मग पुढच्या नोव्हेंबरची वाट. मधल्या काळात आयटिन काढला, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना टॅक्स भरायला मिळतो तो नंबर, कॅशच्या पगारावर टॅक्स भरला, बँक खातं उघडलं. फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटीचा रकाना रिकामा सोडताना त्याचा हात थरथरत होता. प्रीमियम महिन्याला साडेचारशे डॉलरच्या आसपास, त्यातला काही भार एका किडनी चॅरिटीने उचलला, त्यावर वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त ७,९०० डॉलर ही २०१९ ची मर्यादा. स्वस्त अजिबात नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये कार्ड आलं आणि एका आठवड्यात घराजवळच्या सेंटरने त्याला मंगळवार-गुरुवार-शनिवारची खुर्ची दिली. प्रायव्हेट इन्शुरन्स डायलिसिसला मेडिकेअरपेक्षा कितीतरी जास्त पैसे देतो, त्यामुळे कालपर्यंत जो कुणालाच नको होता तो पेशंट अचानक सगळ्यांना हवासा झाला. एप्रिलमध्ये फिस्टुला झाला. त्या वर्षी तो ईआरला एकदाच गेला, तेही बोट कापलं म्हणून.

ट्रान्सप्लांटचं विचारलं होतं. कागद नाहीत म्हणून यादीत नाव घालता येत नाही असा राष्ट्रीय नियम नाही, पण नंतरची औषधं जन्मभर लागतात आणि इन्शुरन्स टिकेल याची खात्री सेंटरला हवी असते. दादाचं दरवर्षी नव्याने ठरतं. तपासण्या एकदा अर्ध्यापर्यंत झाल्या, मग प्रीमियम वाढला, नोकरी बदलली, ते राहिलं.

नोव्हेंबर २०२४ पासून टेक्ससच्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होताना विचारतात की तुम्ही कायदेशीर राहता का. गव्हर्नरचा आदेश आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही आणि उत्तराचा उपचारावर परिणाम होणार नाही, हेही त्यांनी सांगायचं असतं. हॉस्पिटलमध्ये धरपकड नको या २०११ च्या आदेशाच्या जागी २०२१ मध्ये नवा आला होता, तो मात्र जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. त्यानंतर एकदा दादाला ताप आला, फिस्टुलाची जागा लाल झाली होती, आणि तो दोन दिवस घरीच बसला, मला कळवलंही नाही. खुर्चीच्या दिवशी सेंटरच्या नर्सने हात बघितला आणि दम देऊन पाठवलं. फॉर्मवरचा तो प्रश्न मी वाचून दाखवला. "रिकामं सोड," म्हणाला.

वही अजून आहे, आता फक्त वजन लिहितो. पुढची नावनोंदणी नोव्हेंबरात उघडेल. त्याआधी आयटिन चालू आहे का बघायचंय, सलग तीन वर्षं टॅक्स रिटर्नमध्ये वापरला नाही तर तो बाद होतो, आणि मधलं एक रिटर्न भरल्याचा कागद त्याला सापडत नाहीये. गादीखाली बघ म्हटलंय.